इंटरनेटला पत्ते वाटणारा माणूस : जॉन पोस्टेल

घरच्या वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन बघा. आयपी ॲड्रेसच्या आसपास बहुतेक वेळा २५५.२५५.२५५.० असा आकडा दिसेल. हा सबनेट मास्क. तो कसा वापरायचा याचा नियम १९८५ साली ठरला आणि त्या नियमावर दोन नावं आहेत, जेफ्री मोगल आणि जॉन पोस्टेल. ही गोष्ट पोस्टेल यांची.

त्यांचा जन्म १९४३ चा, कॅलिफोर्नियातला. १९६९ मध्ये इंटरनेटचा पूर्वज असलेलं अर्पानेट सुरू झालं, तेव्हा त्याचं पहिलं केंद्र यूसीएलए विद्यापीठात होतं आणि पोस्टेल तिथेच शिकत होते. नेटवर्कचे नियम आरएफसी नावाच्या टिपणांमध्ये लिहिले जायचे. ती टिपणं तपासून प्रसिद्ध करायची आणि कुठला नंबर कुणाला दिला याची नोंद ठेवायची, ही दोन्ही कामं पोस्टेल यांच्याकडे आली. दाढीवाला, सँडल घालून फिरणारा हा माणूस शेवटपर्यंत तेच करत राहिला.

१९८१ मध्ये त्यांच्याच संपादनाखाली आयपी ॲड्रेसचा नियम आला. पत्ता ३२ बिटचा. पुढचा भाग नेटवर्कचा, मागचा मशीनचा. पण नेटवर्कचे आकार तीनच. मोठ्यात सुमारे १.६७ कोटी मशीन, मधल्यात सुमारे ६५ हजार आणि छोट्यात २५४.

इथेच घोळ झाला. एकाच विद्यापीठात प्रत्येक विभागाचं वेगळं नेटवर्क उभं राहायला लागलं. प्रत्येकाला वेगळा नंबर द्यावा, तर बाहेरच्या राउटरना ते सगळे लक्षात ठेवावे लागणार.

मोगल आणि पोस्टेल यांच्या टिपणातला उपाय सोसायटीसारखा आहे. पोस्टमनला सोसायटीचं नाव पुरतं. कुठली विंग, कुठला फ्लॅट हे आत गेल्यावर बघायचं.

समजा, नेटवर्क १७२.१६.०.० आहे. पहिले दोन आकडे सोसायटी. तिसरा आकडा विंगसाठी वापरायचा. मास्क २५५.२५५.२५५.० सांगतो, की पहिले तीन आकडे जुळले तर मशीन एकाच विंगमध्ये आहेत. म्हणजे १७२.१६.५.२० आणि १७२.१६.५.९० थेट बोलतील. १७२.१६.८.२० कडे जायचं तर राउटर लागेल. बाहेरच्या जगाला या विंगची खबरही नसते.

नंबर वरून द्यायचा आणि आतली वाटणी ज्याची त्याने करायची. हे चालायचं, कारण वरच्या नोंदीवर सगळ्यांचा विश्वास होता.

तो विश्वास किती होता हे जानेवारी १९९८ मध्ये दिसलं. इंटरनेटवरच्या नावांची मूळ यादी सांभाळणारे रूट सर्व्हर तेव्हा १३ होते. त्यातल्या आठांच्या चालकांना पोस्टेल यांनी ईमेल केला, की यादी आता माझ्या मशीनवरून घ्या. सगळ्यांनी ऐकलं! अमेरिकन सरकार खवळलं. पोस्टेल यांनी ती चाचणी होती असं सांगून बदल मागे घेतला. पण एका माणसाच्या शब्दावर इतकं काही चालतं, हे जगाला कळून चुकलं.

त्याच वर्षी हे काम आयकॅन या नव्या संस्थेकडे सोपवण्याची तयारी झाली. ते पूर्ण होण्याआधीच, १६ ऑक्टोबर १९९८ ला, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर पोस्टेल गेले. वय अवघं ५५.

त्यांच्यावरचा मृत्युलेख यूसीएलएतले जुने सहकारी विंट सर्फ यांनी लिहिला. तो प्रसिद्ध झाला आरएफसी म्हणूनच, क्रमांक २४६८.