रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे



आज रविवार. कामाला सुट्टी आहे म्हणून आपण मुलाबाळांना घेऊन मिस्साला येऊ शकलो. ही सुट्टी आपल्या देशातील गिरणी कामगारांना पूर्वी नव्हती. ती मिळवून देण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, त्या नारायण मेघाजी लोखंडे यांची ही ओळख.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात, एका साध्या फुलमाळी कुटुंबात झाला. त्यांचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर. पुढे ते महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी झाले. मुंबईला मांडवीच्या एका कापड गिरणीत ते स्टोअरकीपर होते. तेथे कामगारांचे हाल त्यांनी रोज डोळ्यांनी पाहिले. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत काम चाले. आठवड्याची सुट्टी ठरलेली नव्हती. पगार उशिरा होई. यंत्रात हात सापडला तर कामगार आणि त्याचे घर दोन्ही उघड्यावर पडत. १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा झाला, पण तो मुख्यतः लहान मुलांसाठी होता.

१८८० पासून लोखंडे ‘दीनबंधु’ हे पत्र चालवू लागले आणि त्यातून कामगारांची दुःखे मांडू लागले. १८८४ साली त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ स्थापन केली. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. मागण्या पाच होत्या: दर रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार, आणि कामावर जखमी झालेल्याला बरे होईपर्यंत पूर्ण पगार. कायमचे अपंगत्व आले तर पोटाची सोय व्हावी, असेही त्यात होते.

सहा वर्षे गेली, तरी लोखंडे यांनी चिकाटी सोडली नाही. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या काळात दोन कामगार स्त्रियांनीही तेथे भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने आठवड्याची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात ती आली. हा कायदा साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानसाठी असल्याने, १८७७ साली सुरू झालेल्या आपल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या कामगारांपर्यंतही हा हक्क पोचला.

त्याच १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या हक्कांवर आपले प्रसिद्ध विश्वपत्र काढले. योग्य मजुरी आणि रविवारची विश्रांती यांचा त्यांनी त्यात आग्रह धरला. लोखंडे ख्रिस्ती नव्हते. तरी एकाच वेळी दोन ठिकाणी एकच न्यायाची मागणी झाली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. लोखंडे रोग्यांच्या सेवेत उतरले, त्यांनाही लागण झाली आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. २००५ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

आज आठवड्याची सुट्टी, सात तारखेच्या आत महिन्याचा पगार, नेमणुकीचे पत्र आणि कामावरील इजेची भरपाई हे कायद्याने दिलेले हक्क आहेत. २०२५ साली लागू झालेल्या कामगार संहितांतही ते आहेत. आपल्यापैकी जे नोकरी करतात त्यांनी ते जाणून घ्यावेत आणि नेमणुकीचे पत्र मागताना संकोच करू नये. ज्यांच्या दुकानात नोकर आहे, घरी ड्रायव्हर किंवा धुणीभांडी करणाऱ्या बाई येतात, त्यांनी आज घरी गेल्यावर स्वतःला एवढेच विचारावे: आपल्याकडे काम करणाऱ्या माणसाला आठवड्यातून एक दिवस पगारासह सुट्टी मिळते का? मिळत नसेल, तर येत्या आठवड्यापासून ती द्यावी.