हिप्परग्याचा मुख्याध्यापक

स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव घेतले की डोळ्यांसमोर उभा राहतो तो निजामाशी झुंजलेला संन्यासी. हे चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. हैदराबाद संस्थानातील लोकांच्या लढ्याचा हा सेनापती मुळात शिक्षक होता. तोही खेड्यातील मुलांचा. मराठवाड्याने सेनापतीची आठवण ठेवली, शिक्षकाची मात्र फारशी ठेवली नाही.

व्यंकटेश भवानराव खेडगीकर हे त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव. जन्म 3 ऑक्टोबर 1903, विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा. बालपण गाणगापूर आणि सोलापूर परिसरात गेले. लोकमान्यांच्या निधनानंतर या शाळकरी मुलाने आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याचे व्रत घेतले आणि असहकाराच्या हाकेबरोबर सरकारी शाळा सोडली. पुढचे शिक्षण अमळनेर व पुणे येथील राष्ट्रीय शिक्षणसंस्थांत झाले. काही काळ त्यांनी कामगारपुढारी ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केले. मुंबई-दिल्लीच्या सार्वजनिक जीवनात त्यांना जागा मिळाली नसती असे नाही. पण 1929 च्या सुमारास ते उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा या आडगावी मुख्याध्यापक म्हणून आले.

हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा 1921 मध्ये व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी काढलेली. त्या काळात संस्थानात शाळा काढणे म्हणजे काय होते, हे आज सहजी कळणार नाही. खाजगी शाळेला सरकारी परवानगी हवी. सभा भरवायची तर गश्ती निशाण 53 आडवे येई. माध्यमिक इयत्तांपासून सरकारी शिक्षणाची भाषा उर्दू, आणि 1918 मध्ये निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दूच. उर्दू ही समृद्ध भाषा, तिच्याशी वैर असण्याचे कारण नाही. मातृभाषेतून एखादी भाषा शिकायला मिळणे वेगळे आणि ज्ञानाच्या दारावरच ती पहारेकरी म्हणून उभी असणे वेगळे. ज्याच्या घरी मराठी, कानडी वा तेलुगू बोलली जाई, अशा शेतकऱ्याच्या मुलाला आपला प्रदेश, आपला इतिहास, आपले संत आणि कवी शाळेत भेटण्याची शक्यताच फार थोडी होती. खेड्यातला मुलगा अडाणी राहिला याचा अर्थ त्याला केवळ वाचता येत नव्हते एवढाच नाही. आपण कोण, हे सांगणारे त्याला कोणी भेटत नव्हते.

हिप्परग्याच्या शाळेने ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला. शिक्षक अल्प वेतनावर राबत, मुले साधेपणाने राहत, आणि देशात काय चालले आहे याचे वारे त्या आडगावातही पोहोचे. येथेच खेडगीकरांनी संन्यास घेतला आणि ते रामानंद तीर्थ झाले. भगवी वस्त्रे आली, पण खडू हातातून सुटला नाही, हे विशेष. 1935 मध्ये ते मोमिनाबादेस, म्हणजे अंबाजोगाईस, योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापक म्हणून गेले. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी त्यांच्याबरोबर होते.

पुढील इतिहास परिचित आहे. महाराष्ट्र परिषद, 1938 मध्ये स्थापनेपूर्वीच बंदी आलेली स्टेट काँग्रेस, सत्याग्रह, पुनःपुन्हा तुरुंग आणि 17 सप्टेंबर 1948 चा मुक्तिदिन. ध्यानात घेण्यासारखे एवढेच की या लढ्याचे गावोगावचे कार्यकर्ते बव्हंशी अशाच शाळांच्या ओसरीवरून आले. निजाम सरकारला शाळांची धास्ती वाटत होती, ती अकारण नव्हती.

मुक्तीनंतर सत्तेची वाट मोकळी होती. स्वामीजी दोनदा लोकसभेत गेले. तथापि त्यांनी नांदेडमध्ये जे उभारले त्याचे मोल अधिक आहे. 1950 मध्ये नांदेड एज्युकेशन सोसायटीचे पीपल्स कॉलेज निघाले. त्याच वर्षी औरंगाबादेत डॉ. आंबेडकरांनी मिलिंद महाविद्यालयाची मुहूर्तमेढ रोवली. शिक्षणात मागे ठेवलेल्या या मुलखाला एका वर्षात दोन दिशांनी दोन दारे उघडली. पीपल्स कॉलेजातच पुढे नरहर कुरुंदकर शिकवू लागले व प्राचार्य झाले. हैदराबादच्या त्रिभाजनाचा स्वामीजींनी आग्रह धरला, त्यामागेही शिक्षकाची दृष्टी होती: राज्यकारभार आणि शाळा लोकांच्या भाषेत चालाव्यात. 1956 मध्ये ते घडले, आणि ज्या प्रांतावर त्यांचे नेतृत्व उभे होते तो प्रांतच नकाशावरून गेला.

22 जानेवारी 1972 रोजी हैदराबादेत त्यांचे निधन झाले. 1994 मध्ये नांदेडला स्थापन झालेल्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. विद्यार्थी त्याचा उल्लेख ‘स्वारातीम’ असा करतात, आणि त्या चार अक्षरांत माणूस हरवतो. लातूरचे नाव आता परीक्षेतील गुणांच्या ‘पॅटर्न’साठी देशभर झाले आहे. गुण मिळवणे गैर नाही. परंतु औशाजवळच्या जिल्हा परिषद शाळेतील चौथीच्या मुलाने खरोशाची लेणी पाहिलेली नसतात, देगलूरच्या मुलीने होट्टलची मंदिरे पाहिलेली नसतात; कंधारचा किल्ला त्या गावच्या मुलांनाही पुष्कळदा केवळ खेळण्याची जागा असतो. सीमेवरच्या या तालुक्यांत एकाच वर्गात मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू बोलणारी मुले शेजारी शेजारी बसतात. त्यांना एकमेकांची गाणी, सण आणि गोष्टी सांगायला अनुदान लागत नाही, परवानगीही लागत नाही. हिप्परग्याच्या मुख्याध्यापकाला यांपैकी पहिले मिळण्याची आशा नव्हती आणि दुसऱ्यासाठी झगडावे लागले होते.