नामदार गोखले : पश्चात्तापातून कर्तृत्वाकडे

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव निघताच त्यांची अर्थसंकल्पावरील भाषणे आणि भारत सेवक समाज ही दोन कार्ये डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु ह्या कर्तृत्वाच्या आधी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्यांना मानहानीच्या कठोर अग्निदिव्यातून जावे लागले होते.

रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे ९ मे १८६६ रोजी त्यांचा जन्म झाला. बालपणीच पितृछत्र हरपले. वडील बंधूंनी पोटाला चिमटा घेऊन त्यांचे शिक्षण पुरे केले. १८८४ साली पदवी घेऊन ते पुण्यास शिक्षक झाले व पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात प्राध्यापक. न्यायमूर्ती रानडे यांच्या हाताखाली त्यांनी सरकारी अहवाल व आकडेवारी यांचा कसून अभ्यास केला.

१८९७ साली वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते इंग्लंडला गेले. हिंदुस्थानच्या खर्चाविषयीची त्यांची साक्ष गाजली. त्याच सुमारास पुण्यात प्लेगने थैमान घातले होते आणि गोरे सैनिक घरोघर झडत्या घेत होते. सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची पत्रे पुण्याहून गोखल्यांच्या हाती आली. लिहिणारांवर विश्वास ठेवून त्यांनी तो आरोप विलायती वृत्तपत्रांतून जाहीर केला. सरकारने आरोपाचा इन्कार केला व पुरावा मागितला. स्वदेशी परतल्यावर गोखल्यांनी शोध घेतला. पण रँडच्या वधानंतर पुण्यात दहशतीचे वातावरण पसरले होते आणि साक्षीस कोणीही उभे राहीना. पत्रलेखकांची नावे उघड करणे हा विश्वासघात झाला असता. अखेर ऑगस्ट १८९७ मध्ये त्यांनी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट व सैनिक यांची बिनशर्त माफी मागितली.

इंग्रजांनी त्यांना खोटे ठरविले आणि स्वकीयांनी भित्रे. हा घाव गोखल्यांच्या जिव्हारी लागला. तथापि पश्चात्तापाने ते खचून घरी बसले नाहीत, किंवा दोष पत्रलेखकांच्या माथी मारून मोकळेही झाले नाहीत. पुण्यात प्लेग पुन्हा उद्भवला तेव्हा ते रुग्णसेवेच्या कामात उतरले. आरोप पूर्णतः निराधार होता की नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. जे सिद्ध करता येत नाही ते बोललो, ही खंत होती. त्या खंतीतून त्यांनी कामाची रीत घडविली : आधी पुरावा, मग शब्द.

१८९९ साली ते मुंबई कायदेमंडळात व १९०१ च्या अखेरीस वरिष्ठ कायदेमंडळात निवडून आले. मार्च १९०२ मधील पहिल्याच अर्थसंकल्पीय भाषणात, सरकारी तिजोरीतील शिल्लक हे समृद्धीचे नव्हे तर जादा कराचे लक्षण आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवून दिले. मिठावरील कराविरुद्ध ते वर्षानुवर्षे झगडले. मणामागे अडीच रुपये असलेला हा कर १९०३ साली दोन, १९०५ साली दीड व १९०७ साली एक रुपयावर आला. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे त्यांचे विधेयक मात्र मार्च १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. पण त्यातील आकडेवारीचा पाया कोणास हलविता आला नाही.

१२ जून १९०५ रोजी त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. येथे येणाऱ्या तरुणाला पाच वर्षे अभ्यास व उमेदवारी करावी लागे. १९१५ च्या आरंभी गांधीजी आफ्रिकेहून परतले, तेव्हा वर्षभर देश पाहावा व तोवर सार्वजनिक प्रश्नांवर मत देऊ नये, असे वचन गोखल्यांनी त्यांच्याकडून घेतले. ह्या आग्रहामागे १८९७ च्या अनुभवाची छाया दिसते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. माफीनंतर त्यांना साडेसतरा वर्षांचे आयुष्य लाभले. आज ज्या कार्यामुळे नामदार गोखले स्मरणात आहेत, ते बहुतेक सारे ह्याच साडेसतरा वर्षांतले आहे. चूक पदरी आली असता तिचे ओझे वाहत बसण्यापेक्षा तिची शिस्त करून घ्यावी, हा धडा सार्वजनिक कार्याची धुरा वाहणाऱ्या प्रत्येकाने मनात जपावा असा आहे.