पहाटेची अभ्यासिका

इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यात एम्बली नावाचा एक प्रशस्त वाडा होता. सन १८४६ च्या सुमारास त्या वाड्यातील एका खोलीत, बाहेर काळोख असतानाच मेणबत्ती पेटत असे. अंगाभोवती शाल लपेटून एक तरुणी तेथे अभ्यासाला बसे. रुग्णालयांचे अहवाल आणि सार्वजनिक आरोग्यासंबंधीची सरकारी कागदपत्रे वाचून ती वहीमागून वही टिपणांनी भरून काढी. न्याहारीची घंटा झाली, की वह्या दृष्टीआड होत, आणि ती मुकाट्याने खाली जाऊन घरातील मंडळींत मिसळे. ही तरुणी म्हणजे फ्लॉरेन्स नाइटिंगेल.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत झाला. त्या नगरीचेच नाव तिला मिळाले. घरी लक्ष्मी नांदत होती आणि वडील विद्याव्यासंगी होते. ग्रीक, लॅटिन, इतिहास व तत्त्वज्ञान हे विषय त्यांनी आपल्या दोन्ही मुलींना स्वतः शिकविले. पण फ्लॉरेन्सला गणिताची ओढ होती. ते शिकण्याची अनुज्ञा तिने मागितली, तेव्हा आईने विरोध केला. ज्या मुलीला पुढे संसार करावयाचा, तिला गणित काय कामाचे, असा तो काळ होता. अखेर आत्याने रदबदली केली, आणि पुष्कळ आर्जवांनंतर तिला गणिताचा शिक्षक लाभला.

याहून कठीण प्रसंग पुढेच होता. रोग्यांची सेवा करावी, हे तिचे जीवितध्येय ठरले होते. सन १८४५ मध्ये तिने सॉल्सबरी येथील रुग्णालयात काही महिने राहून शुश्रूषा शिकण्याचा बेत घरी सांगितला. घरात जणू वीज कोसळली! परिचारिकेचे काम त्या काळी हलके गणले जाई. अशिक्षित व व्यसनी बायकाच ते करतात, अशी समजूत होती. आईवडिलांनी साफ नकार दिला. रुग्णालयाचे दार बंद झाले. पण पुस्तकाचे दार कोणी बंद करू शकले नाही. पहाटेचा तो अभ्यास तेव्हापासूनचा. शिकविणारे कोणी नाही, शंका विचारावी असे कोणी जवळ नाही, अशा स्थितीत तिने तो वर्षानुवर्षे चालविला. मन अनेकदा निराशेने ग्रासले, तरी वही मिटली नाही.

सन १८५१ मध्ये जर्मनीतील कायझरस्वर्थ येथील संस्थेत तिला तीन महिने प्रत्यक्ष शिक्षण घेता आले. तेव्हा तिचे वय ३१ वर्षांचे होते. पुढे क्रिमियाचे युद्ध पेटले. नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ परिचारिकांसह ती तुर्कस्तानातील स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात पोहोचली. तेथे घाण, दुर्गंधी आणि दाटी यांना पारावार नव्हता. तिने रात्रंदिवस सेवा केली; तरीही त्या हिवाळ्यात सैनिक शेकड्यांनी मरत राहिले. मार्च १८५५ मध्ये आरोग्य आयोग आला. त्याने गटारे साफ करविली, खेळती हवा आणली, आणि मृत्यूंची संख्या झपाट्याने उतरली.

अन्नवस्त्रांच्या अभावी आणि फार उशिरा आणल्यामुळे सैनिक दगावतात, असे फ्लॉरेन्सला आरंभी वाटे. मायदेशी परतल्यावर तिने विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या साहाय्याने सर्व आकडे पुन्हा तपासले. तेव्हा सत्य उघड झाले. शत्रूच्या शस्त्रांपेक्षा अस्वच्छतेतून उद्भवलेल्या रोगांनीच अधिक बळी घेतले होते. स्वतःची समजूत अपुरी होती, हे तिने आकड्यांपुढे मान्य केले. इतकेच नव्हे, तर १८५८ मध्ये तिने रंगीत आकृत्या काढून ते सत्य राज्यकर्त्यांपुढे मांडले. जखमांचे मृत्यू तांबड्या रंगात, टाळता येण्याजोग्या रोगांचे निळ्या रंगात. निळा रंग इतका पसरलेला होता, की आकडे न जाणणाऱ्यालाही अर्थ उमगावा. आईला निरुपयोगी वाटलेले गणित हजारो जिवांच्या कामी आले. भारतातील सैन्याच्या आरोग्याविषयीही तिने येथील लष्करी ठाण्यांतून माहिती मागवून परिश्रमपूर्वक अभ्यास केला. मात्र भारतात येण्याचा योग तिला कधीच आला नाही.

सन १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तिच्या नावाने परिचारिकांची शाळा निघाली. तेथील विद्यार्थिनी रुग्णसेवेबरोबरच डॉक्टरांची व्याख्याने ऐकत आणि टिपणे ठेवीत. जे ज्ञान फ्लॉरेन्सला चोरून, एकटीने मिळवावे लागले, ते आता इतर मुलींना उजळ माथ्याने वर्गात बसून मिळू लागले.

१३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, फ्लॉरेन्सने जगाचा निरोप घेतला. रात्री हाती दिवा घेऊन रुग्णांमधून फिरणारी म्हणून जग तिला ओळखते. पण त्या दिव्याच्या आधी एक मेणबत्ती जळत होती, पहाटेच्या अभ्यासाची. सेवेला करुणा हवीच. परंतु करुणेला ज्ञानाची जोड मिळाली, तरच जीव वाचतात.