कपड्यांतला भेद पुसणारा रुडी

'युनिसेक्स' हा शब्द आता तालुक्याच्या गावातील केशकर्तनालयाच्या पाटीवरही दिसतो. पण स्त्री आणि पुरुष यांच्या वस्त्रांतील भेदच पुसून टाकावा, ही कल्पना ज्यांनी साऱ्या जगापुढे निर्भयपणे मांडली, त्या रुडी गर्नराइख यांची कहाणी आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही.

८ ऑगस्ट १९२२ रोजी व्हिएन्नातील एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ते आठ वर्षांचे असताना वडिलांनी आत्महत्या केली. नातलग स्त्रीच्या कपड्यांच्या दुकानात या मुलाला कापड आणि रेखाटन यांची गोडी लागली. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि आईसह रुडी निर्वासित म्हणून अमेरिकेत लॉस एंजेलिसला आले. उदरनिर्वाहासाठी त्यांनी शवागारात प्रेते धुण्याचेही काम केले. मानवी देहाकडे संकोच न बाळगता पाहण्याची दृष्टी तेथेच मिळाली असावी. पुढे लेस्टर हॉर्टन यांच्या नृत्यपथकात ते नर्तक झाले. वस्त्राने देहाच्या हालचालीला अडवू नये, हा धडा त्यांना नृत्याने दिला.

१९५० मध्ये हॅरी हे यांच्यासह मोजक्या मित्रांनी 'मॅटाशीन सोसायटी' स्थापन केली. समलिंगी व्यक्तींच्या हक्कांसाठी उभ्या राहिलेल्या अमेरिकेतील आरंभीच्या संघटनांपैकी ही एक. संस्थापकांत रुडी होते. मात्र नाव उघड झाल्यास कारकीर्द संपणार होती. त्या काळी असे संबंध हा कायद्याने गुन्हा होता. त्यामुळे संघटनेच्या इतिहासात त्यांचा उल्लेख दीर्घकाळ केवळ एका आद्याक्षराने होत राहिला.

रेखाटनकार म्हणून मात्र त्यांचे नाव दुमदुमू लागले. तारा आणि अस्तरांच्या पिंजऱ्यातून त्यांनी स्त्रियांचे पोहण्याचे पोशाख मुक्त केले. १९६३ मध्ये त्यांना प्रतिष्ठेचा 'कोटी' पुरस्कार मिळाला, तेव्हा नॉर्मन नोरेल या ज्येष्ठ रेखाटनकाराने निषेध म्हणून स्वतःला मिळालेला सन्मान परत केला. पुढच्याच वर्षी त्यांच्या 'मोनोकिनी' या छातीचा भाग उघडा ठेवणाऱ्या पोशाखाने जगभर गदारोळ उडाला. धर्मपीठाने निंदा केली, वृत्तपत्रांनी रकाने भरले. १९६७ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ते झळकले.

परंतु त्यांचा खरा प्रयोग १९७० चा. 'लाइफ' नियतकालिकाने भविष्यातील वेशभूषेबद्दल विचारणा केली, तेव्हा त्यांनी एक तरुण आणि एक तरुणी निवडली. दोघांच्या डोक्यावरील आणि अंगावरील केस पूर्णपणे काढले आणि दोघांना अगदी एकसारखे पोशाख चढवले. त्यात विजारी होत्या, अंगभर झगे होते आणि पुरुषाच्या अंगावर स्कर्टही होता. वस्त्र हे लिंगाची किंवा दर्जाची खूण न राहता केवळ उपयोगाची वस्तू व्हावी, असा त्यामागचा विचार. 'स्पेस : १९९९' या १९७५ च्या दूरचित्रवाणी मालिकेतील चांद्रतळावरील स्त्री-पुरुषांना त्यांनी एकच गणवेश दिला. खात्यानुसार बदलत असे तो फक्त एका बाहीचा रंग.

२१ एप्रिल १९८५ रोजी फुफ्फुसाच्या कर्करोगाने लॉस एंजेलिस येथे त्यांचे निधन झाले. फ्रेंचचे प्राध्यापक ओरेस्ट पुचियानी यांच्यासह त्यांनी एकतीस वर्षे सहजीवन व्यतीत केले. पण त्याची जाहीर वाच्यता हयातीत कधीही केली नाही. या दोघांच्या संपत्तीतून समलिंगी व्यक्तींच्या कायदेशीर लढ्यासाठी पुढे निधी उभा राहिला.

इतरांना वस्त्रांच्या बंधनातून मोकळे करणाऱ्या या माणसाला स्वतःची ओळख मात्र आयुष्यभर झाकून ठेवावी लागली. आज एकाच कपाटातील सदरा बहीण-भाऊ सहजपणे वापरतात, तेव्हा या मोकळेपणासाठी कोणी किती किंमत मोजली, याचे स्मरण असावे.