सरन्यायाधीश जॉन मार्शल

जॉन मार्शल यांचा जन्म १७५५ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया येथे झाला. पंधरा भावंडांत ते सर्वांत थोरले. तरुणपणी ते स्वातंत्र्ययुद्धात लढले. पुढे ते वकील झाले. १८०१ साली ते सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश झाले.

त्या काळी या न्यायालयाला फारसा मान नव्हता. त्याच्याजवळ ना सैन्य होते, ना खजिना. १८०३ साली मार्बरी नावाच्या गृहस्थांचा खटला निकालासाठी आला. न्यायाधिकारी म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. पण नवे सरकार नेमणुकीचा कागद देईना. न्यायालयाने हुकूम दिला आणि सरकारने तो मानलाच नाही तर?

मार्शल यांनी मार्बरींचा हक्क मान्य केला. मात्र ज्या कलमाने न्यायालयाला असा हुकूम देण्याचा अधिकार दिला होता, ते कलमच संविधानाविरुद्ध म्हणून रद्द ठरवले. मार्बरींना पद मिळाले नाही. पण कायद्यापेक्षा संविधान मोठे, हे तत्त्व पक्के झाले.

आज अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याखालील बहुतेक खटले प्रथम जिल्हा न्यायालयात चालतात. तेथून अपील न्यायालयात आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयात दाद मागता येते. ही सर्व न्यायालये मार्शल यांचे तत्त्व पाळतात.

मार्शल ३४ वर्षे सरन्यायाधीश होते. १८३५ साली त्यांचे निधन झाले.