रेखागणितकार जगन्नाथ सम्राट

जयपूरच्या जंतरमंतरात प्रवेश करताच दृष्टी जाते ती सुमारे सत्तावीस मीटर उंचीच्या सम्राट यंत्राकडे. वस्तुतः तो दगडचुन्यात बांधलेला एक प्रचंड काटकोन त्रिकोण आहे. त्याचा कर्ण पृथ्वीच्या अक्षाला समांतर असून पायाशी होणारा कोन जयपूरच्या अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे २७ अंशांचा आहे. कर्णाची सावली बाजूच्या वर्तुळखंडावरून सरकते आणि दोन सेकंदांपर्यंत अचूक वेळ सांगते. अशी यंत्रे उभारणाऱ्या सवाई जयसिंहांचे नाव सर्वतोमुखी आहे. त्यांच्या पदरी राहून युक्लिडची भूमिती संस्कृतात आणणारे महाराष्ट्रीय पंडित जगन्नाथ सम्राट मात्र आपल्याकडे विस्मृतीत गेले आहेत.

त्यांच्या पूर्वायुष्याविषयी खात्रीचे फार थोडे हाती लागते. शिवाजी महाराजांवरील स्वारीत जयसिंहांनी या तरुण ब्राह्मणाला हेरले व उत्तरेत नेले, अशी कथा सांगतात. कथा गोड असली तरी ती टिकत नाही. पुरंदरचा तह १६६५ मध्ये झाला आणि तो करणारे ते मिर्झाराजे जयसिंह. सवाई जयसिंहांचा जन्मच मुळी १६८८ चा! दोन जयसिंहांची ही गल्लत सोडली, तर दक्षिणेतून आलेला वेदशास्त्रसंपन्न पंडित आमेरच्या दरबारी मानास चढला एवढे निश्चित उरते.

जयसिंहांना ग्रहगणिताचा ध्यास होता. पंचांगातील गणित आणि आकाशातील प्रत्यक्ष ग्रहस्थिती यांचा मेळ बसत नाही, हे त्यांना खटकत होते. ग्रीकांची विद्या अरबी ग्रंथांतून उपलब्ध होती. पण ती संस्कृत पंडितांपर्यंत पोहोचवणार कोण? जगन्नाथांनी हे काम अंगावर घेतले. त्यासाठी ते अरबी व फारसी शिकले, असे परंपरा सांगते. परंपरेने घडलेल्या शास्त्री मंडळींत यवनांची विद्या त्यांच्याच भाषेत शिकणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

तेराव्या शतकातील नासिरुद्दीन तुसी यांनी सिद्ध केलेल्या युक्लिडच्या अरबी पाठावरून त्यांनी सुमारे १७१८-१९ मध्ये ‘रेखागणित’ रचले. जयपूर नगरीची पायाभरणी व्हायला तेव्हा आणखी काही वर्षे होती. ग्रंथाचे १५ अध्याय आहेत आणि त्यांत ४७८ प्रमेये आहेत. भारतीयांना भूमिती नवी नव्हती. शुल्बसूत्रांपासून भास्कराचार्यांच्या लीलावतीपर्यंत तिची थोर परंपरा आहे, उपपत्तीही आहेत. परंतु मोजक्या व्याख्या आणि गृहीतके मांडून, त्यांवर एकेक प्रमेय रचत, आधी सिद्ध झालेल्याच्याच आधारे पुढे जायचे, ही बांधणी संस्कृत पंडितांना नवी होती. दहावीच्या भूमितीत ‘पक्ष’, ‘साध्य’, ‘सिद्धता’ लिहिताना आपली मुले याच शिस्तीत चालत असतात.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. या ग्रंथात युक्लिडचे नाव नाही. ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याला सांगितलेले हे शिल्पशास्त्र लोप पावले होते, ते राजाज्ञेने पुन्हा प्रकाशात आणले, अशी भूमिका जगन्नाथ घेतात. परकी विद्या पंडितांच्या गळी उतरवण्याची ती युक्ती असेलही. मूळ कर्त्यावर तो अन्यायच होय. तरीही खुणा पुसल्या गेल्या नाहीत. आकृतींतील बिंदूंची नावे अ, ब, ज, द अशी अरबी क्रमाने येतात. प्रमेयाला ते ‘शकल’ म्हणतात, आणि आकृतीला अरबीत शब्द आहे ‘शक्ल’! पुढे टॉलेमीचा खगोलग्रंथ ‘सिद्धांतसम्राट’ या नावाने संस्कृतात आणताना त्यांनी मूळ अरबी ग्रंथाचे ‘मिजास्ती’ हे नाव सरळ सांगितले. नव्या यंत्रांचे वर्णनही त्यांनी लिहून ठेवले.

१७४३ मध्ये जयसिंह निवर्तले आणि ज्ञानसाधनेचा राजाश्रय सरला. रेखागणित पोथ्यांतच राहिले. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातील मुलांसमोर हीच भूमिती पुन्हा आली, पण ती इंग्रजीच्या वाटेने. जॉर्ज जर्व्हिस यांच्या पुढाकाराने तेव्हा गणिताची पुस्तके मराठीत होऊ लागली होती. एका महाराष्ट्रीयाने शंभर वर्षांपूर्वीच तिचे संस्कृत रूप सिद्ध केले आहे, याची त्या वर्गांत कोणाला वार्ताही नसावी. हिंदी प्रदेशात मात्र या विषयाला ‘रेखागणित’ हेच नाव रूढ झाले.

अखेर १९०१-०२ मध्ये हा ग्रंथ मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत दोन खंडांत छापून निघाला. त्याच सुमारास जयपुरात लेफ्टनंट गॅरेट आणि पंडित चंद्रधर गुलेरी जंतरमंतरच्या ढासळलेल्या यंत्रांची डागडुजी करवून घेत होते.